अप्पांचे सात डबे

२००१ सालच्या पोळ्याचा दुसरा दिवस. रक्कम अठरा हजार रुपये. हजर माणसं चार: अप्पा, ट्रक चालवणारा त्यांचा धाकटा भाऊ, दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली त्याची बायको, आणि मी. या रकमेत पुण्याच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातले तीन जुने कॉम्प्युटर चौसाळ्याला आले. धाकट्यानं ते कांद्याच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून ट्रकमधून आणले होते. तिन्हींना पुढं पंधरा दिवस कांद्याचा वास येत होता.

पैसे अप्पांचे स्वतःचे, मोटारी बांधून साठवलेले. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार काढायची आणि नवी तार फेरे मोजून गुंडाळायची, हा त्यांचा वीस वर्षांचा धंदा. हायवेला लागून दहा बाय चौदाची खोली, मागं घर. फेरे मोजताना त्यांचे ओठ हलायचे, आवाज मात्र येत नसे. ओठ हलत असले की गिऱ्हाईक पायरीवरच थांबायचं, कारण एक फेरा चुकला तर मोटार महिन्यात परत येते.

मी तिथल्या शाळेत क्लार्क होतो. आमच्याकडं क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात, तसं अप्पाही म्हणायचे. शाळेच्या बोअरची मोटार घेऊन मी एकदा त्यांच्याकडं गेलो आणि तीन वर्षं जात राहिलो. मला कॉम्प्युटरचं काही वेड नव्हतं. त्या खोलीत दुपारी बसायला बरं वाटायचं, इतकंच. बाहेरून ट्रक गेला की कॉम्प्युटरच्या पडद्यांवरचा उजेड थरथरायचा. पंख्याची घरघर आणि कॉम्प्युटरची घरघर एकमेकींत मिसळायची. उन्हाचा एक पट्टा दारातून आत यायचा आणि तास-दीड तासात सरकत सरकत अप्पांच्या खुर्चीपर्यंत पोचायचा. तोवर आमच्यात चार वाक्यं झालेली असली तर खूप.

त्या तिन्ही कॉम्प्युटरांवर अप्पांनी लिनक्स घातलं. कॉम्प्युटर चालवणारी ही एक फुकट व्यवस्था. मासिकासोबत तीन तबकड्या, म्हणजे सीडी, आल्या होत्या, त्यांवरून त्यांनी ती स्वतःच शिकून घेतली. कावून, हेच कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "भाऊसाहेब, जे खोलून बघता येत न्हाई, ते मोटार असो का दुसरं काई, ते आपलं न्हवं. हे खोलता येतंय."

अडचण निराळीच होती. त्या तीन तबकड्यांवर प्रोग्राम भरमसाट. मी एकदा वहीत यादी करायला घेतली आणि साडेआठशेला कंटाळून थांबलो. नुसतं लिहिण्याचे सव्वीस होते. घड्याळं नऊ होती. आणि प्रत्येक कॉम्प्युटरची जागा होती दोन जीबी, म्हणजे आजच्या मोबाईलमध्ये एका लग्नाच्या फोटोंना लागते त्याहून कमी. सगळं मावणार नव्हतं. आणि मावलं असतं तरी अप्पांनी घातलं नसतं.

"नव्या सुनंला पैल्या दिशी घरातले समदे डबे दावतेत का?" ते विचारायचे. "मीठ, साखर, चहा. बास. बाकीचे ती आपसूक हुडकीती."

प्रोग्रामला ते डबा म्हणत. नव्या माणसाला सात डबे. लिहिण्याचा एक, तक्त्याचा एक, चित्राचा, गाण्याचा, इंटरनेटचा आणि आकडेमोडीचा एकेक, आणि पत्ते लावायचा एक खेळ. खेळाबद्दल त्यांचं म्हणणं पक्कं होतं. खेळात चुकायला माणूस भीत नाही, म्हणून हात वळतो. प्रत्येक कामाला एकच डबा. दोन ठेवले तर माणूस काम सोडून डबेच हुंगत बसतो, असं ते म्हणायचे.

आमच्या बाजारपेठेतला एक खतं-औषधांचा दुकानदार होता, तोंडानं मोठा. त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला, चांगला वीस जीबीचा, आणि अप्पांकडं आणून टाकला.

"समदे घाला की. सात कावून? मी काय भिकारी हाय का?"

अप्पांनी दोन दिवस बसून सगळे घातले. चौथ्या दिवशी दुकानदार पायरीवर हजर.

"अप्पा, ती यादी उघडली की पडदा भरतो. खाली जातो, जातो, संपतच न्हाई. काल पत्र लिवायचं म्हणून बसलो अन् ताऱ्यांचा नकाशा उघडून बसलो."

"मग? चांगला हाय की नकाशा."

"चांगला हाय हो! दोन घंटे बघत बसलो. पत्र ऱ्हायलं."

अप्पांनी सात ठेवले, बाकीचे काढले. ताऱ्यांचा मात्र त्यांनी न विचारता राहू दिला. पुढं कित्येक दिवस तो माणूस गिऱ्हाईक नसलं की युरियाच्या थप्पीला टेकून आकाश बघत बसायचा. त्याच्या दुकानात गेलं की आधी मृग नक्षत्र दाखवायचा, मग भाव सांगायचा.

हे सात डबे कुठले, हे ठरवायची अप्पांची एक रीत होती, आणि त्या रीतीत मी पगाराविना कामाला होतो. सव्वीस लिहिण्याच्या डब्यांतला एक निवडायचा तर तो अप्पांना आवडतो म्हणून चालणार नाही, नव्याला जमतो म्हणून निवडला पाहिजे. म्हणून ज्यानं आयुष्यात कॉम्प्युटर पाहिला नाही असा माणूस आणायचा. त्याला खुर्चीत बसवायचं. एक साधं काम सांगायचं: चार ओळी लिही, ठेवून दे, बाहेर पड. अप्पा त्याच्या मागं चार फुटांवर भिंतीला टेकून बसायचे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात मोकळे राहिले तर ते आपोआप पुढं जातात, हे त्यांना ठाऊक होतं. बोलायचं नाही, खाकरायचंही नाही. मी दाराजवळ स्टुलावर वही घेऊन. तो माणूस मदतीसाठी जितक्या वेळा मागं वळून अप्पांकडं बघेल, तितक्या रेघा मी मारायच्या. तीनच्या वर रेघा गेल्या की तो डबा बाद.

अशी वही भरत गेली. शिंपी, पोस्टातला माणूस, सेवानिवृत्त गुरुजी, कुणी ना कुणी यायचं. गुरुजींनी एका डब्याला एकोणीस वेळा मागं पाहिलं आणि विसाव्यांदा उठून घरीच गेले. माझ्या वहीत एकूण २१४ नोंदी झाल्या. खाडाखोड कुठं नव्हती. याचा मला अभिमान होता, तो पुढं उतरला.

अप्पांचा स्वतःचा एक लाडका डबा होता. लिहिण्याचाच, पण निराळा. नावाला दोन इंग्रजी अक्षरं. काळा पडदा, त्यावर फिकट अक्षरं. ना बटणं, ना याद्या, ना उंदीर. सगळं अक्षरांच्या खुणांनी करायचं. लिहायला लागण्याआधी एक खूण, थांबवायला दुसरी, बाहेर पडायला तिसरी. अप्पा त्यावर बसले की त्यांच्या बोटांखालून शब्द तांब्याच्या तारेसारखे निघायचे. तो डबा मी ज्याच्या ज्याच्यापुढं ठेवलेला पाहिला, त्या प्रत्येकाच्या नावापुढं आठ, अकरा, पंधरा रेघा. अप्पा दर वेळी म्हणायचे, "आजून एकाला देऊन बघू." बाकीच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस या एकाला मात्र बाद करत नव्हता. इतरांना जमला असता तर त्यांचं थोडंफार एकटेपण गेलं असतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला ते फक्त नियमाबाहेरचं वाटायचं.

पुढच्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी आम्ही कपिलधारला गेलो होतो. सोमवारी त्यांचं दुकान बंद. दर्शन झाल्यावर धबधब्याच्या समोरच्या दगडावर बसलो. गार तुषार अंगावर येत होते आणि आवाज इतका की बोलायला वाकावं लागे. अप्पा म्हणाले, त्यांना एक स्वप्न पडतं. घराच्या ओसरीवर सात पाट मांडलेत. आणि रस्त्यावरून माणसं येताहेत, ओळीनं, पार मांजरसुंब्याच्या घाटापर्यंत. प्रत्येक जण एकेक डबा आहे. कुणी फेट्यात, कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर मूल. सगळे विचारतात, अप्पा, आमी कुठं बसू?

"मग तुमी काय करता?"

"वाढत न्हाई. नुसता पाट मोजत ऱ्हातो. सातच भरतेत."

"कुणी रागावतं का?"

"न्हाई ना, तीच तर तकलीफ हाय. गुमान उभे ऱ्हातेत."

मी पाण्याकडं बघत राहिलो. तेही बघत राहिले. मध्येच त्यांचे ओठ हलायला लागले. पाण्यात काय मोजत होते कोण जाणे.

दिवाळीच्या आठ दिवस आधी धाकट्याचा ट्रक घाटात उलटला. जीव वाचला, पण डाव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. घरात दोन मुलं. अप्पा खर्चाला कमी पडू देणारे नव्हते, पण वहिनी, म्हणजे धाकट्याची बायको, आयतं खाणाऱ्यातली नव्हती. माहेरी लातूरला बारावी झालेली, इंग्रजी टायपिंगची तीसची परीक्षा पास.

त्याच वेळी आमच्या शाळेचा रौप्यमहोत्सव ठरला. माजी विद्यार्थ्यांचे आणि देणगीदारांचे मिळून १,१८६ पत्ते इंग्रजीत टाईप करून पाकिटांवर चिकटवायचे होते. दर पत्त्याला सव्वा रुपया मंजूर झाला. आणि मुख्याध्यापकांनी मला खासगीत सांगितलं की जूनपासून ऑफिसात कॉम्प्युटरवर एक बाई घ्यायची आहे, हे काम जिला जमेल तिलाच घेऊ. मी वहिनींचं नाव सुचवलं. अप्पांनी तीनपैकी एक कॉम्प्युटर शाळेला वापरायला द्यायचं कबूल केलं. त्यावर लिहिण्याचा डबा कुठला घालायचा, एवढंच राहिलं.

रीतीप्रमाणे वहिनींना खुर्चीत बसवलं. दारात अप्पांची बायको तांदूळ निवडत बसली होती. अप्पा मागं, हात मांड्यांखाली. वहिनींनी पदर कानामागं घट्ट खोचला आणि सुरुवात केली.

पांढऱ्या पडद्याच्या पहिल्या डब्यावर त्यांनी एकदाही मागं पाहिलं नाही. फक्त मध्ये मध्ये हात थांबायचे, बराच वेळ. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला तसंच. मग अप्पांनी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "ते बी देऊन बघा." मी काळ्या पडद्याचा लाडका डबा उघडून दिला.

वहिनी क्षणभर नुसत्या बघत राहिल्या. मग बोटं चालायला लागली. चुकली, थांबली, पुन्हा चालली. चार ओळी लिहिल्या, ठेवल्या, बाहेर पडल्या. सहा मिनिटं. मागं पाहणं: शून्य. आम्ही तीन दिवस रोज हेच केलं. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, तिसऱ्या दिवशी साडेतीन. शून्य, शून्य.

त्या दिवशी अप्पा मला हायवेपर्यंत पोचवायला आले. एरवी पायरी उतरत नसत. त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या पोराचं असावं तसं काहीतरी होतं.

"येकदा बी वळली न्हाई, भाऊसाहेब. येकदा बी न्हाई. आपल्याच घरात निघालं की माणूस."

मी वहीत बघून म्हटलं, "आकडा तर तसाच हाय." आकडा तसाच होता, हेही खरं.

शाळेच्या कॉम्प्युटरवर लिहिण्याचा एकच डबा गेला, अप्पांचा लाडका.

वहिनी ऑफिसात अकराला यायच्या, पाचला जायच्या. पहिल्या दिवशी माझा अंदाज साठ पत्त्यांचा होता. झाले नऊ, आणि तेही राहिले नाहीत. त्यांनी सांगितलं, लाईट गेली, लिहिलेलं उडालं. लाईट आमच्याकडं जायचीच. दुसऱ्या दिवशी लाईट तीनदा गेली. झाले चौदा, ते कसेबसे ठेवले गेले. तिसऱ्या दिवशी बारा-चाळीसला त्यांचा पडदा काळा झाला, पार विझला, आणि त्या म्हणाल्या, "गेली बघा."

माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

मी वर पंख्याकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं. मग त्यांनी भिंतीवरच्या बोर्डावरून हात काढला, तोवर तो तिथंच होता. कॉम्प्युटरचं बटण त्यांनीच बंद केलं होतं.

मी मस्टर उघडून त्यात डोकं घातलं. जेवणाची सुट्टी झाली, मास्तर लोक बाहेर गेले. वहिनींचा जेवणाचा डबा तसाच बंद होता. थोड्या वेळानं त्या टेबलाकडं बघत बोलल्या.

"भाऊसाहेब, यातून भाईर कसं पडायचं ते मला येत न्हाई. म्हणून बटण दाबिते."

"असं कसं? अप्पांकडं तर पडत होता. साडेतीन मिन्टांत."

"तिथं अप्पा दिसायचे."

"दिसायचे? तुमी तर मागं वळतच नव्हता."

"मी कशी वळणार?" त्यांना माझ्या अकलेचं नवल वाटलं असावं. "थोरले दीर हायेत माझे. त्यांच्या तोंडाकडं बघत बसू का? काचंत दिसायचे. काळा पडदा आला की दारातला उजेड त्यांच्या तोंडावर पडलेला दिसायचा समोर. माझं चुकलं की त्यांच्या कपाळाला आठी. अन् ओठ हलायचे. कोणचं अक्षर दाबायचं ते ओठावरून कळायचं. इथं काचंत तुमच्या मागची घंटा दिसती नुसती."

मी मागं पाहिलं. शाळेची पितळी घंटा टांगलेली होती.

खरं सांगायचं तर मला तेव्हा वहिनींपेक्षा माझ्या २१४ नोंदी आठवल्या. नंतर लाज वाटली. पुढचा विचार मुख्याध्यापकांनीच करायला लावला. दुपारी आत येऊन त्यांनी तीन दिवसांचे पत्ते पाहिले. आधीचे नऊ उडालेले, आज काहीच नाही, म्हणजे हातात चौदा. ते म्हणाले, "सोमवारी जमलं तर ठीक, न्हाई तर बीडच्या टायपिस्टाला देऊन टाका. येता मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी पाकिटं पोस्टात पडली पाहिजेत. अन् जूनचं बी मग बघू." वहिनींनी ते ऐकलं. पदर ओढून घेतला, इतकंच.

तो शुक्रवार होता. सहाला मी अप्पांकडं गेलो आणि जे होतं ते सांगितलं. शब्द इकडचा तिकडं केला नाही.

अप्पा उठले, मला नव्या माणसाच्या खुर्चीत बसवलं, काळा डबा उघडला आणि आपल्या जागेवर भिंतीला टेकून बसले. हात मांड्यांखाली. म्हणाले, "करा काई तरी."

दारातून संध्याकाळचा पिवळा उजेड येत होता. मी मुद्दाम चुकीची खूण दाबली. मग पडद्याकडं न बघता काचेकडं बघितलं. फुगीर काच, तिच्या आत लांब कुठंतरी, विहिरीच्या तळाशी दिसावा तसा अप्पांचा चेहरा. त्यावरून माझी चार फिकट अक्षरं गेली होती. आठी पडली. ओठ हलले. मी वाचलं आणि ते अक्षर दाबलं. बरोबर आलं. पुन्हा ओठ हलले. मी दाबत गेलो. बाहेरून एक ट्रक गेला आणि काचेतले अप्पा थरथरले, पुन्हा स्थिर झाले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्याकडं एवढा वेळ कधी पाहिलं नव्हतं. काय माया होती त्या चेहऱ्यात! दुसऱ्याची बोटं चालावीत म्हणून जीव नुसता ओठांवर आलेला.

"अप्पा, ओठ हलतेत तुमचे."

"न्हाई."

"हलतेत. आता बी हलले."

त्यांनी एक हात मांडीखालून काढला आणि बोटं ओठांवर ठेवली. मग मान खाली घातली.

"वीस वरसं फेरे मोजले," ते म्हणाले. "हात बांधून ठिवले, तोंडाचं ध्यानातच आलं न्हाई." पुन्हा म्हणाले, "मला वाटलं, येक तरी माणूस माझ्यावाणी शिकलं."

मागच्या दाराशी बांगड्या वाजल्या. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, ते ठाऊक नाही.

रविवारी सकाळी आम्ही निवड पुन्हा केली. या वेळी अप्पा खोलीतच थांबले नाहीत. बाहेर ओट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसले. मी उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. वहिनी खुर्चीत. बोलणं सगळं माझ्यामार्फत. दोघांना एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत होतं, तरी मी प्रत्येक वाक्य इकडून तिकडं दिलं, कारण तशीच रीत होती.

चार डबे झाले. पाचवा अगदी साधा. पांढरं पान, वर तीन इंग्रजी शब्द: 'उघडा', 'ठेवा', 'बाहेर', अशा अर्थाचे. वहिनींनी त्यात दोन पत्ते लिहिले, ठेवले, बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या.

"अप्पांना सांगा, हे बरं हाय."

"अप्पा, हे बरं हाय म्हणतेत."

ओट्यावरून आवाज आला, "ते? तिला सांगा, ती नुसती पाटी हाय. त्यात काई बी करता येत न्हाई. शब्द हुडकता येत न्हाई, ओळी हालवता येत न्हाईत."

"वहिनी, त्यात काही करता येत नाही म्हणतेत."

"अप्पांना म्हणावं, मला त्यात काई करायचं बी न्हाई. पत्ते लिवायचेत."

मी हे वाक्य बाहेर देणार तोच अप्पांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. रस्त्याकडं तोंड करून, एकटेच, पार खोकला येईपर्यंत हसले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "भाऊसाहेब, लिवा. लिहिण्याचा डबा: पाटी. माझा काढून टाका."

मी वहीत त्यांच्या लाडक्या डब्यावर रेघ मारली. पट्टी लावून. आतून वहिनींचा आवाज आला, आधीपेक्षा हळू.

"अप्पांना सांगा, ते बी शिकीन मी. पत्ते झाल्यावर."

हे मी बाहेर दिलं नाही. गरज नव्हती. अप्पा तसेच बसले होते, पण त्यांची पाठ जरा सैल झालेली दिसली.

जुन्या २१४ नोंदींवर आम्ही मधोमध एक आडवी रेघ मारली आणि पुढच्या पानावर एकपासून सुरुवात केली. त्यानंतर कुणीही नवा माणूस खुर्चीत बसला की अप्पा ओट्यावर जायचे. ओठ तिथंही हलत असणार, पण ते बघायला फक्त हायवे होता. सातपैकी तीन डबे पुढच्या चार महिन्यांत बदलले. खतवाल्याचा ताऱ्यांचा नकाशा मात्र आहे तिथंच राहिला.

वहिनींनी शिकायचा शब्द पाळला. उन्हाळ्यात दुपारी त्या समोरच्या कॉम्प्युटरवर बसायच्या, अप्पा दुसऱ्या कॉम्प्युटरवर, एकमेकांकडं पाठ करून. दोन काळे पडदे, दोन कळफलकांचा आवाज, मध्ये पंखा. कधी एकीकडचा आवाज थांबला की अप्पा भिंतीशी बोलल्यासारखे एखादं अक्षर मोठ्यानं म्हणायचे आणि तिकडचा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. मी दाराशी बसून ऐकत राहायचो. डोळा लागायचा माझा. जाग आली की ऊन पुढं सरकलेलं असायचं आणि दोघं तसेच.

पण हे उन्हाळ्यातलं. त्या सोमवारी वहिनी अकराला ऑफिसात आल्या आणि खुर्चीत बसल्या. हातातले चौदा सोडून सगळं नव्यानं करायचं होतं. मी भागाकार केला होता, रोज दीडशेच्या आसपास. रविवार धरून आठ दिवस. पहिल्या दिवशी १६२ झाले. दुसऱ्या दिवशी लाईट खरंच गेली, दोन तास. तेव्हा वहिनी यादीतले पुढचे पत्ते बोटानं टेबलावर टाईप करत बसल्या होत्या. पुढच्या मंगळवारी साडेअकराला शेवटचा पत्ता संपला. शिपायानं सगळी पाकिटं गोण्यांत भरून सायकलवरून पोस्टात नेली. त्याआधी मुख्याध्यापकांनी पन्नासेक उचलून तपासली. एका ठिकाणी पिनकोड चुकला होता. तो यादीतच चुकला होता, माझ्या हातानं.

जूनपासून वहिनीच, हे त्यांनी तिथंच सांगून टाकलं. मग व्हाऊचर करायला मला बोलावलं. म्हणाले, "अप्पांच्या नावानं करा, घरातले मोठे हायेत. कॉम्प्युटर बी त्यांचाच." मी ते तसं लिहिलंही. सही घ्यायला अप्पांकडं गेलो. त्यांनी कागद उन्हात धरून वाचला आणि परत दिला.

"माझं न्हाई हे. ज्यानं बोटं मोडली त्याचं नाव घाला."

मी ऑफिसात येऊन ते व्हाऊचर रद्द केलं, त्यावर तसं लिहून फायलीला लावलं आणि दुसरं केलं. वहिनींचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट, सर्टिफिकेटावर होतं तसं. १,१८६ पत्ते, दर सव्वा रुपया, रक्कम रुपये १,४८२ आणि पन्नास पैसे. रोख दिली, त्यांच्याच हातात. त्यांनी उभ्यानंच दोनदा मोजली आणि सही केली.